घसा दुखणाऱ्या लहान मुलाला भरवायचं कसं: आधी काय, मग काय

"दोन दिवस झाले, पोरगं काही खाईना. भात नको, चपाती नको, बिस्कीटसुद्धा नको." पावसाळ्यात शाळा-अंगणवाड्या सुरू झाल्या की आपल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणीपर्यंत घरोघरी हे ऐकू येतं. मी उलट विचारते, "पितो किती? शेवटची लघवी कधी झाली?" बहुतेक वेळा समोरची आई गप्प होते. घरातल्या सगळ्यांचं लक्ष ताटाकडे असतं, पेल्याकडे कुणाचंच नसतं.

चूक होते ती इथे. एरवी धडधाकट असलेलं मूल घसा दुखताना दोन-तीन दिवस कमी जेवलं तर ते नंतर भरून निघतं. पाणी कमी पडलं तर मात्र एका दिवसात मूल मलूल होतं. म्हणून आधी दुखणं उतरवायचं, मग पाजायचं, खायला घालायचं ते त्यानंतर. मी स्वतः हा क्रम चुकवला आहे. माझा मुलगा अडीच वर्षांचा असताना त्याला तोंड आलं, घशात मागे फोड आले, आणि पहिला अख्खा दिवस मी मऊ भाताची वाटी घेऊन त्याच्यामागे फिरत राहिले. रात्री त्याला कुशीत घेतलं तेव्हा ओठ सुकलेले होते आणि दुपारपासून त्याची लंगोट कोरडी होती.

पुढचं सगळं साधारण ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहान बाळांचं शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

टप्पा १: भरवायचं की थेट निघायचं, ते ठरवा

चमचा हातात घेण्याआधी दोन मिनिटं मुलाकडे नुसतं बघा आणि त्याचा श्वास ऐका. खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर काहीही भरवू नका, पाजू नका. मुलाला बसतं धरून दवाखान्यात न्या किंवा १०८ ला फोन करा.

- श्वास आत घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येतोय, छाती आत ओढली जातेय.
- स्वतःची थुंकीसुद्धा गिळता येत नाही, लाळ सतत गळतेय आणि मूल मान पुढे काढून बसलंय.
- तोंड पुरतं उघडता येत नाही, किंवा मान एका बाजूला सुजली आहे, वळवता येत नाही.
- ओठ निळसर दिसतात, मूल हाकेला ओ देत नाही.

इशारा: अशा मुलाच्या घशात चमच्याचा दांडा घालून बघायला जाऊ नका. सुजलेला घसा त्या धक्क्याने बंद होऊ शकतो. मुलाला झोपवूही नका.

यातलं काहीच नसेल तर मुलाला खिडकीपाशी मांडीवर घेऊन 'आ' करायला लावा आणि मोबाईलच्या उजेडात बघा. मागच्या बाजूला, पडजिभेच्या आसपास लाल कडेचे छोटे फोड असतील, तळहात-तळपायांवरही पुरळ असेल, तर बहुधा विषाणूचा आजार असतो. हँड-फूट-माउथ म्हणतात तोही याच घरातला. सर्दी, खोकला, बसलेला आवाज असेल तरीही कारण बहुतेक विषाणूच असतं आणि त्यावर अँटिबायोटिक चालत नाही.

एकदम चढलेला ताप, सर्दी-खोकला नाही, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, जबड्याखाली दुखऱ्या गाठी, असं चित्र ५ वर्षांपुढच्या मुलांत दिसलं तर स्ट्रेप्टोकोकस जंतूची शंका घेतात. तीन वर्षांच्या आत तो क्वचितच आढळतो. डॉक्टरांनी त्यासाठी अँटिबायोटिक दिलंच तर सांगितलेले दिवस, पेनिसिलीन गटाचं औषध असेल तर बहुधा १०, पूर्ण करा. तिसऱ्या दिवशी मूल खेळायला लागलं म्हणून बाटली फडताळात ठेवून देऊ नका. अर्धवट उपचारानंतर संधिज्वर होऊन हृदयाच्या झडपांना इजा होऊ शकते.

तपासा: घशात करडा-पांढरा, चिकटून बसलेला पापुद्रा दिसतोय का? दिसला तर घटसर्पाची शंका धरा आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. तो पापुद्रा खरवडू नका. तायी कार्ड, म्हणजे लशींची नोंद असलेलं आई-बाळाचं कार्ड, सोबत घ्या. घटसर्पासह पाच आजारांवरच्या पेंटाव्हॅलंट लशीचे तीन डोस (६, १० आणि १४ आठवडे) आणि त्यानंतरचे डीपीटीचे दोन बूस्टर (१६ ते २४ महिने आणि ५ वर्षांपुढे) झालेत का, हे डॉक्टर विचारणारच. आपल्याकडे पहिले तीन डोस नीट होतात, बूस्टर राहून जातात, असं मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

टप्पा २: वही, वजन आणि सिरिंज

तयारी लहानशीच आहे, पण ती केली नाही तर पुढचं सगळं अंदाजावर जातं.

मुलाचं आजचं वजन घ्या. काटा नसेल तर अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात करून मिळतं. मेडिकलमधून सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज आणा, १० मिलीचीही एक असू द्या. एक वही काढून कागदावर तीन रकाने पाडा: किती वाजता काय प्यायला, लघवी कधी झाली, औषध कधी दिलं. घरात आजी, आई, काकू अशा तिघी-चौघी आळीपाळीने मुलाला बघत असतील तर हा कागद हवाच. नाहीतर प्रत्येकीला वाटतं की दुसरीने पाजलं असेल, आणि तापाचं औषध मात्र दोघींकडून जातं.

टप्पा ३: आधी दुखणं उतरवा

गिळताना दुखतं म्हणून मूल तोंड मिटतं. त्याला तुम्ही हट्टी समजता, पण ते घाबरलेलं असतं. म्हणून पॅरासिटामॉल आधी द्या, साधारण अर्धा-पाऊण तास थांबा आणि मग पेला पुढे करा. पुष्कळ घरांत याच्या उलट होतं. आधी अर्धा तास रडारड करून भरवतात, पोर ओकतं, त्यानंतर औषध देतात, आणि औषध लागू पडेपर्यंत भरवणारी थकून झोपलेली असते.

औषधाची मात्रा वजनावर ठरते: एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर, आणि २४ तासांत ४ पेक्षा जास्त वेळा नाही. तुमच्या मुलाला नेमकं किती ते डॉक्टरांकडून एकदा लिहूनच घ्या. खरी गडबड बाटलीत आहे. एकच औषध १२० मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम प्रति ५ मिली अशा दोन ताकदींत मिळतं. अगदी लहानांचे थेंब येतात ते तर १ मिलीलाच १०० मिलिग्रॅमचे असतात. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम द्यायचं म्हटलं तर पहिल्या बाटलीतून ७.५ मिली, दुसऱ्या बाटलीतून ३.६ मिली आणि थेंबांतून फक्त १.८ मिली होतं. माझ्या जावेने नवी बाटली आणली आणि जुन्याच मापाने ७.५ मिली भरलं होतं. नशिबाने मी शेजारी उभी होते. ते पोटात गेलं असतं तर मात्रा दुपटीहून जास्त झाली असती.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. बाटलीवरचा मजकूर इंग्रजीत, दवाखान्यातली सूचना कन्नडमध्ये, आणि घरातल्या आजीचं शिक्षण मराठी शाळेतलं. लाजू नका. मेडिकलवाल्याला सिरिंजवरच पेनाने रेघ मारून द्यायला सांगा, आणि बाटलीवर चिठ्ठी चिकटवून आपल्या अक्षरांत माप आणि वेळा लिहा.

इशारे:
- मुलांना अ‍ॅस्पिरिन कधीही देऊ नका.
- मूल पाणी पीत नसेल, लघवी कमी झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयबुप्रोफेन देऊ नका. अशा वेळी ते मूत्रपिंडांवर ताण आणतं.
- तोंड बधिर करणारी जेल मोठ्यांसाठी असतात. लहान मुलाला ती स्वतःच्या मनाने लावू नका.
- सर्दीच्या मिश्र सिरपांनी घशाचं दुखणं जात नाही. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली औषधं ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिला आहे.
- "पडजीभ पडलीय, उचलून घ्या" म्हणून घशात मीठ-हळदीचं बोट घालणारे अजून गावोगावी आहेत. फोडांनी सोललेल्या घशात बोट घातल्यावर ते मूल पुढचा सगळा दिवस तोंड उघडत नाही. बोटाने जखम होते, जंतू जातात, उलटीही होते. वडीलधाऱ्यांशी भांडू नका, पण मुलाला उचलून आत घेऊन जा.

मिठाच्या गुळण्या ५-६ वर्षांखालच्या मुलांना जमत नाहीत, ती पाणी गिळून टाकतात. पातेल्यावर वाकवून वाफ देणंही नको, त्यात भाजण्याचाच धोका जास्त.

टप्पा ४: घोटाघोटाने पाणी

दिवसाला किती पाणी हवं, याचा ढोबळ हिशोब असा. पहिल्या १० किलोंना दर किलोमागे १०० मिली, त्यापुढच्या १० किलोंना दर किलोमागे ५० मिली. म्हणजे १० किलोच्या मुलाला १००० मिली, १२ किलोच्याला ११००, १५ किलोच्याला १२५०. दूध, पेज, ताक, डाळीचं पाणी, सगळं यात धरायचं. ताप असेल तर थोडं जास्त.

आकडा मोठा वाटतो, आणि म्हणूनच आया पेला भरून पुढे करतात. मूल पेला बघूनच मान फिरवतं. त्याऐवजी सिरिंजमध्ये ५ मिली घ्या, टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि हळूहळू सोडा. थेट घशाकडे पिचकारी मारू नका, ठसका लागेल. मग घड्याळ लावून ५ मिनिटं थांबा, पुन्हा ५ मिली. तासाला ६० मिली झालं. दहा तासांत ६०० मिली, तेही रडारड न करता. सोसायला लागलं की १० मिली करा. बहुतेक मुलं दोन-तीन तासांत स्वतःच पेला ओढून घेतात.

काय पाजायचं? मूल घेईल ते, पण आंबट आणि कढत सोडून. घरातलं नेहमीचं पातळसर दूध, तांदळाची पेज, गोड ताजं ताक, शहाळ्याचं पाणी चालतं. मोसंबी, संत्रं, लिंबू सरबत, कोकम, टोमॅटोचं सार फोडांवर झोंबतं. "व्हिटॅमिन सी आहे" म्हणून मोसंबीचा रस पाजायचा आणि मग मूल पाण्यालाही नाही म्हणतं, हे नेहमीचं. मिरे-सुंठीचा काढाही तसाच.

थंड की कोमट? घरातली मोठी माणसं इथे अडून बसतात. थंडाने घसा "धरतो" अशी पक्की समजूत आहे. पण हा घसा थंडाने आलेला नाही, तो विषाणूने आलेला आहे, आणि गार घोटाने फोडांची आग शमते. फ्रिजमधलं गार दूध, गार दही, आइस्क्रीमचे दोन चमचे चालतात. काही मुलांना कोमटच बरं वाटतं, त्यांना कोमट द्या. दोन्ही पुढे ठेवा आणि मूल कशाकडे हात नेतं ते बघा. बर्फाचा अख्खा खडा देऊ नका, तो घशात अडकतो. चुरा करून चमच्याने द्या.

मूल दिवसभर दुसरं काहीच घेत नसेल, उलट्या किंवा जुलाबही असतील, तर ओआरएस करा. नेमकी इथली चूक मला सगळ्यात जास्त दिसते: १ लिटरच्या पुडीतून चिमूटभर पावडर पेल्यात टाकणं. त्याने मिठाचं प्रमाण बिघडतं, आणि फार खारट झालं तर अपाय होतो. पुडीवर किती पाणी लिहिलंय ते बघा. १ लिटरची असेल तर १ लिटरच्या रिकाम्या बाटलीने पाणी मोजा, तांब्याने नको, तांबे सारखे नसतात. पाणी उकळून गार केलेलं. वरून साखर, मीठ, लिंबू काही नाही. २४ तासांनी उरलेलं ओता. चव खारट वाटते, म्हणून गार करून द्या.

इशारा: ओआरएसच्या नावाखाली खोक्यांतून विकली जाणारी गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने) अशा पेयांना हे नाव वापरायला मनाई केली, तरी दुकानात मागताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी असंच सांगून मागा.

तपासा: तीन तास झाल्यावर कागद बघा. किमान १५० मिली गेलं का? लघवी झाली का? झाली असेल तरच पुढच्या टप्प्याकडे वळा.

टप्पा ५: आता खाणं

पाणी सुरळीत चालू झालं की औषधाच्या वेळेला धरून खाणं ठेवा. दिवसात पाच-सहा वेळा, दर वेळी चार-सहा चमचे. वाटी लहान घ्या.

तांदळाची पेज: १ वाटी तांदळाला ८ ते १० वाट्या पाणी, शितं विरघळेपर्यंत शिजवा, घोटा, गाळा. चमचा तिरका केला की सरळ धारेने खाली पडली पाहिजे. जाड पेज टाळूला चिकटते आणि मूल ओकारी काढतं. साजूक तूप अर्धा चमचा घाला. दोन घासांतच जास्त बळ जावं म्हणून तूप, साल काढलेली मुगाची डाळ किंवा दूध घालणं महत्त्वाचं, कारण घास मोजकेच जाणार आहेत.

नाचणी आपल्याकडे आजारपणात हमखास देतात, आणि द्यावीच, पण दोन गोष्टी सांभाळा. पीठ वस्त्रगाळ करा, कोंड्याचे कण घशाला ओरखडतात. आणि ताक घालून आंबवलेलं आंबील या दिवसांत नको, आंबट असतं. त्याऐवजी १ मोठा चमचा पीठ वाटीभर गार पाण्यात कालवून, मंद आचेवर ७-८ मिनिटं ढवळत शिजवून, दूध घालून खिरीसारखं पातळ करा. गाठी झाल्या तर गाळून घ्या.

दूध-भाकरी द्यायची असेल तर भाकरीचा पापुद्रा काढून आतला मऊ भाग कोमट दुधात अर्धा तास भिजवा, मग बोटांनी पूर्ण कुस्करा. पिकलेलं जवारी केळं कुस्करून, गुरगुट्या भात, रव्याची पातळ खीर, उकडलेला बटाटा दुधात घोटून, हे सगळं जातं. १ वर्षाच्या आतल्या बाळाच्या घासात मीठ-साखर घालू नका, आणि मध तर चाटवूच नका. मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळांना बॉट्युलिझम होऊ शकतो.

काय ठेवून द्यायचं: चिरमुरे, शेंगदाणे, फरसाण, टोस्ट, कडक रोटी, तिखट आमटी, शेंगाचटणी. गोकाकचा करदंट पाहुण्यांनी आणला असेल तर तो डब्यातच राहू दे. डिंक, सुकामेवा घालून केलेला चिवट तुकडा सुजलेल्या घशाला नको, आणि लहान मुलाला सुक्या मेव्याने ठसका लागण्याचा धोका एरवीही असतोच. कुंदा मऊ असला तरी खव्याचा आणि फार गोड, पोट नाजूक असताना चमचाभरापुढे नको.

टप्पा ६: भरवताना

मूल बसतं हवं, पाठ टेकलेली, हनुवटी किंचित खाली. झोपून भरवू नका. 'नाक दाबलं की तोंड उघडतं' हे मुलाला भरवताना कधीही करू नका. रडत श्वास ओढणाऱ्या मुलाच्या तोंडात घास किंवा औषध गेलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

चमचा ओठाला लावा, थांबा. तोंड उघडलं तर घास, नाही तर दहा मिनिटांनी पुन्हा. एका बैठकीला २० मिनिटं पुरे. उलटी झाली तर लगेच पुन्हा भरवायला घेऊ नका. १० मिनिटं जाऊ द्या आणि ५ मिलीपासून परत सुरुवात करा. हात साबणाने धुवा, मुलाचा चमचा-पेला वेगळा ठेवा, आणि घास गार झालाय का ते त्याच चमच्याने स्वतःच्या तोंडाला लावून बघू नका. असं करून आधी आई पडते आणि मग पाठची भावंडं.

सहा महिन्यांच्या आतलं बाळ

फक्त आईचं दूध. पाणी, शहाळं, पेज काही नाही. अंगावर ओढताना दुखतं म्हणून बाळ दोन घोट घेऊन सोडून रडतं. थोड्या थोड्या वेळाने पुन्हा लावा, आणि तरी घेत नसेल तर दूध पिळून वाटी-चमच्याने पाजा. ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर घरी काही करत बसू नका, त्याच वेळी डॉक्टरांकडे न्या.

टप्पा ७: दुपारी ४ चा हिशोब

कणकुंबी, जांबोटी, हेमाडगा या बाजूला राहणाऱ्यांनी हा टप्पा चुकवू नये. पावसात रात्री ओढे चढतात, गाडी मिळत नाही, वीज जाते. म्हणून रात्र होऊ देऊन मग घाबरण्यापेक्षा दुपारी ४ वाजता कागद घेऊन बसा आणि बघा:

- गेल्या ८ तासांत लघवी झालीच नाही, किंवा अगदी थोडी आणि गर्द पिवळी झाली.
- रडताना डोळ्यांत पाणी नाही, जीभ कोरडी, डोळे खोल गेलेत. लहान बाळाची टाळू खोल गेली आहे.
- नेहमीच्या निम्म्याहूनही कमी प्यायलंय.
- ताप ३ दिवसांपुढे गेलाय, किंवा उतरून पुन्हा चढलाय.
- मूल सतत पेंगतंय, झोपेत दचकतंय, चालताना झोकांड्या जातात, वारंवार उलट्या होतात.

यातलं एक जरी असेल तर उजेड आहे तोवर निघा. सगळ्या आजारांसाठी थेट बेळगावच गाठायला हवं असं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लागतं का, पुढे पाठवायचं का, हे ठरतं. वाटेत पाजत जा, टप्पा १ मधली लक्षणं नसतील तर. आणि तो वहीचा कागद न्या. "काही खात नाही" यापेक्षा "सकाळपासून २८० मिली, लघवी एकदा, औषध ९ वाजता ७.५ मिली" हे डॉक्टरांना फार उपयोगी पडतं, भाषेची अडचण असेल तेव्हा तर जास्तच.

टप्पा ८: बरं होताना

फोड साधारण ७ ते १० दिवसांत भरतात, पण दुखणं त्याआधीच ओसरतं. मूल एक दिवस अचानक भाकरी मागतं. दिली तरी चालेल, पण तिखट-आंबट आणखी दोन-तीन दिवस मागे ठेवा, कारण एका झोंबलेल्या घासाने ते पुन्हा तोंड मिटून बसतं.

याच काळात बहुतेक घरं सैल पडतात: पोरगं खेळायला लागलं, झालं. खरं तर गेलेलं वजन भरायचं आता असतं. नेहमीच्या जेवणांशिवाय दिवसाला एक जेवण जास्त द्या, दोन आठवडे. संध्याकाळी ५ च्या सुमारास तूप घातलेला मऊ भात-वरण किंवा दुधातली नाचणी. ताप जाऊन २४ तास झाल्यावर, मूल नीट खात-पीत असेल तर अंगणवाडीला पाठवा. विषाणू शौचातून पुढे काही आठवडे जात राहतो, म्हणून शी धुतल्यावर साबणाने हात धुण्याची सवय तेवढे दिवस तरी सोडू नका. दोन आठवड्यांनी अंगणवाडीत पुन्हा वजन करा आणि आजारपणातल्या आकड्याशेजारी त्याच कागदावर लिहा. वजन वाढलं नसेल तर तो कागद घेऊन डॉक्टरांना दाखवा.